नाल्यावरची रेघ

त्या दिवाळीत हेमाला एका जागी बसवत नव्हतं. चकलीचा घाणा तेलात सोडायचा आणि गॅलरीत जाऊन उभं राहायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत माणूस येरझाऱ्या घालून घालून किती घालणार? शेवटी तिचा नवरा श्याम, पेशानं मास्तर आणि जन्मानं अस्सल पेठेतला, वर्तमानपत्रामागून म्हणाला, "अहो इंजिनिअरबाई, चकल्या काळ्या झाल्या. का त्यांचीही हद्द अजून ठरायची आहे?"

हद्दीचंच तर दुखणं होतं. हेमा महापालिकेत कनिष्ठ अभियंता. निवडणुका तोंडावर आल्या होत्या आणि शहराचे प्रभाग नव्यानं पाडायचे होते. प्रत्येक प्रभागात माणसं साधारण सारखी यावीत, एकाच्या मताला दुसऱ्याच्या मताइतकंच वजन असावं, एवढाच साधा हेतू. पण साध्या हेतूलाच जास्त फाटे फुटतात. आराखडा जाहीर होईपर्यंत गुप्त, आणि हेमाच्या टेबलावर जो तुकडा आला त्यात नेमकं तिचं माहेर! सोलापूर रस्त्यावरचं, नुकतंच शहरात घेतलेलं गाव. तिनं साहेबांना सरळ सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "मग उत्तमच की. गल्ल्या माहीत असतील तुम्हाला." झालं, सुटले बिचारे.

गावाच्या कडेला दगडखाणीवरच्या मजुरांची वस्ती होती, आणि वस्तीच्या मधून एक नाला. नाला केव्हाच फरश्या टाकून झाकलेला. नियम म्हणतो, हद्द शक्यतो नदी, नाला, रस्ता धरून न्या. दुसरा नियम म्हणतो, वस्ती फोडू नका. दोन्ही नियम एकाच कागदावर, आणि एकमेकांच्या उरावर बसलेले. रेघ नाल्यावरून नेली तर वस्तीची निम्मी मतं गावाच्या प्रभागात आणि निम्मी पलीकडच्या सोसायट्यांच्या प्रभागात जाणार, म्हणजे दोन्हीकडे त्यांना कुणी विचारणार नाही. वस्ती अख्खी गावाच्या प्रभागात ठेवली तर सोजरबाई निवडून येऊ शकत होती. वस्तीत नळ यावा म्हणून रिकामे हंडे घेऊन महापालिकेच्या दारात बसणारी ती सोजरबाई. आणि तिच्यासमोर उभा राहणार होता हेमाचा सख्खा भाऊ संपत.

भाऊबीजेला हेमा माहेरी गेली. संपत पाटावर बसला, तिनं ओवाळलं, आणि त्यानं तबकात घडी घातलेला एक कागद ठेवला.

"हे काय रे दादा?"

"तुजं तुला परत. नाक्यावरचं दोन गुंठं. तुज्या नावावर करतो." मग आवाज उतरवून म्हणाला, "आपला भाग तुज्याच टेबलावर आलाय म्हनं. रेघ फकस्त नाल्यावरनं ने. नियमात बसतंय. कुनाच्या बापाला कळायचं न्हाई."

त्या भागात रीतच होती. शहर जवळ आलं, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि घरोघरच्या लेकी हक्कसोड करून देऊ लागल्या. बापाच्या जमिनीत मला वाटा नको, अशी निबंधकापुढे सही करायची आणि बदल्यात जन्मभराचं माहेर घ्यायचं. हेमानंही केली होती. सही करताना ती "मी जरा विचार करते" म्हणाली होती, तेव्हा तिची आई सरुबाई म्हणाली होती, "भाऊ हाय तुजा, त्यात इचार कसला?" आणि पेन हेमाच्या हातात आलं होतं. तिनं मायेनं सोडलेली जमीन आज लाच होऊन परत आली, याचा तिला संताप आला.

"हे मला नको, दादा," ती म्हणाली आणि कागद त्याच्या मांडीवर ठेवला. "आणि रेघेचं मला परत विचारू नकोस."

संपत रागावेल असं तिला वाटलं होतं. तो हसला. आईही हसली आणि तिनं फराळाचा डबा काठोकाठ भरला. बसमध्ये डबा मांडीवर घेऊन हेमा सगळा रस्ता विचार करत राहिली, की या दोघांना एवढा आनंद झाला तरी कशाचा?

सुट्टीनंतर तिनं नकाशा उघडला आणि, खोटं कशाला बोला, रेघ आधी नाल्यावरूनच ओढली. नियमात होतं, सोपं होतं, माहेर शाबूत राहत होतं. पण तिला जेवण जाईना. रविवारी ती कुणालाही न सांगता वस्तीत गेली. नाल्याच्या फरश्यांवर लग्नाचा मांडव पडला होता. नवरीचं घर अलीकडे, नवऱ्याचं पलीकडे, आणि पंगत बरोबर मधे बसलेली. एका म्हातारीनं ओळख ना पाळख, तिचा हात धरून तिला पानावर बसवलं. हेमा चार घास जेवली आणि सोमवारी तिनं रेघ पुसून वस्तीच्या मागच्या रस्त्यावर नेली. कारण लेखी दिलं. साहेबांनी सही केली.

आराखडा जाहीर झाला त्या दुपारी आईचा फोन आला.

"हेमे, ही काय अवदसा आठवली तुला?"

"आई, मी त्याच दिवशी नको म्हटलं होतं."

"कागद नको म्हनालीस! आमी समजलो, काम करशील पर त्याचं काय घ्यायची न्हाईस. माहेरचं काम लेक फुकटच करती की! त्या भरवशावर संपतनं गावजेवनं घातली, दारोदार सांगत फिरला."

हेमानं फोन ठेवला. तिला वाईट वाटायच्या आधी राग आला. तिनं त्या घरात तोंड उघडून नाही म्हटलं, तरी त्यांना हो ऐकू आलं होतं. आजवर तिच्या तोंडून दुसरं काही निघालंच नव्हतं, तर त्यांनी तरी काय करावं?

संपतनं हरकत घेतली. सुनावणीला तो पुढच्या रांगेत आईला शेजारी घेऊन बसला. मागे सोजरबाई आणि वस्तीतल्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. संपत बोलला मात्र झकास. नाला ही नैसर्गिक हद्द आहे, कार्यालयानं ती डावलली, आमच्या गावावर अन्याय झाला. अर्धं सभागृह माना डोलवायला लागलं.

"कार्यालयाचं म्हणणं?" सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

साहेबांनी हेमाकडे पाहिलं. हेमा उठली. समोरून आई डोळ्यांनीच दटावत होती, गप ऱ्हा.

"नाही," ती म्हणाली. आवाज फाटका आला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "नाही. नाला फक्त नकाशात आहे, साहेब. तिथं माणसं एकत्र राहतात, एका पंगतीला जेवतात. रेघ नाल्यावरून नेली तर त्यांच्या मताला किंमत उरणार नाही. आहे ती हद्द बदलू नये, असं कार्यालयाचं म्हणणं आहे."

अधिकाऱ्यांनी मान डोलवली आणि पुढच्या हरकतदाराचं नाव पुकारलं. संपत तिच्या शेजारून गेला, पण त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर त्याची गाडी सुरू होती. सरुबाई गाडीपाशी थांबली, मागे वळली आणि हेमाजवळ आली. आता शिव्या मिळणार म्हणून हेमानं मान खाली घातली. आईनं तिचा हात हातात घेतला.

"मोठ्यानं बोललीस. समद्यांनी ऐकलं."

"आई, मी येऊ ना गं संक्रांतीला?"

संपतनं हॉर्न वाजवला. सरुबाईनं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"मला तू हवीस गं," ती म्हणाली. "पर घर त्याचं हाय. मी तुला बोलवू कुटं?"

तिनं हात सोडला आणि ती गाडीत जाऊन बसली.