गायनमंडळातून दिसणारे पाय

"पास्टर, प्रवचन देताना तुमचे पाय का लटपटतात?"

विचारलं बाई एकदाचं! माझी, या ल्युएलाची, हिंमतच होणार नाही, अशी शेजारी गाणाऱ्या व्हर्नेलनं पैज लावली होती. आम्ही चर्चच्या गायनमंडळात पास्टरांच्या मागे बसतो, म्हणून ते पाय फक्त आम्हालाच दिसतात. समोरच्यांना वाटतं, आमचे टॉलिव्हर पास्टर म्हणजे खडक.

पास्टर आधी दचकले, मग खो खो हसले. "अगं, उद्या मोर्चावर सोडतील ती पोलिसांची कुत्री मला काय ओळखीची आहेत? भीती वाटते म्हणून तर प्रार्थना करतो. नसती वाटत, तर देवाला कशाला त्रास दिला असता?"

दुसऱ्या दिवशी आम्हा काळ्यांच्या हक्कांसाठी मोर्चा होता. जाणाऱ्यांनी चाकू, कात्री, टोकदार असेल ते सगळं आदल्या दिवशीच्या सभेतच वेदीपुढच्या टोपलीत टाकायचं, म्हणजे मोर्चात कुणाकडे हत्यार नसेल, हा आमचा नियम. पास्टरांनी खिशातला चाकू टाकला. मी नखं घासायची कानस काढली आणि हात तिथेच थांबला. डॅडी गोऱ्यांच्या शाळेत झाडलोट करतात. मुलगी मोर्चात दिसली, की त्यांची नोकरी गेलीच.

"जिंकलीस ना पैज? मग टाक आता," व्हर्नेल कुजबुजली.

मी कानस टाकली.

रात्री घरी जेवताना डॅडींनी मम्मीकडे बघत विचारलं, "हिनं त्या टोपलीत काही टाकलं नाही ना?"

"टाकलंय, डॅडी. तुमची नोकरी जाईल, ठाऊक आहे मला. भीती वाटते, म्हणून प्रार्थनाही केलीय. पण मम्मी, डॅडी, उद्या मी शाळेत नाही, मोर्चात जाणार आहे."