धुरकट ठिपका

नुगझारच्या पायाचा तो गोडसर, सडक्या द्राक्षांसारखा वास दारेजानने खोलीत शिरताच ओळखला. तिबिलिसीच्या प्रयोगशाळेत तिची हयात त्याच वासात गेली होती. पट्टीवर हिरवट पू होता आणि तो जीवाणू एकाही औषधाला जुमानत नव्हता.

"सोमवारी सकाळी गुडघ्याखालून कापावा लागेल," सर्जन म्हणाले. "तोवर तुमच्या फाजांनी काही होत असेल तर बघा."

फाज म्हणजे जीवाणूंना मारणारे विषाणू. नदीतून, नाल्यांतून, गटारांतून ते गोळा करणं हेच दारेजानचं काम. भर मेजवानीत वाइनने भरलेलं शिंग उंचावून "आमच्या गटारवाल्या बाईसाहेबांच्या नावानं!" असं ओरडायची धाकट्या भावाला, नुगझारला, भारी हौस. आता तोच उशीवर मान टाकून बहिणीच्या तोंडाकडे टकमक बघत होता.

पुवातला जीवाणू वाढवून तिने त्याचे थर बशांमध्ये पसरले आणि साठ्यातला एकेक फाज त्यांवर टाकून पाहिला. फाजांचं असंच असतं. वरून सख्खी भावंडं वाटणारे दोघे आतून इतके निराळे, की एक ज्याला फाडून खातो त्याला दुसरा हुंगतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी बशा उजेडात धरल्या तेव्हा बहुतेक थर जसेच्या तसे होते. एका फाजाने जीवाणू मारून स्वच्छ ठिपका पाडला होता, पण संध्याकाळपर्यंत त्यातही जीवाणू नव्याने उगवले. दुसऱ्या बाजूने घाव घालणारा जोडीदार मिळाल्याशिवाय भागणार नव्हतं.

जोडीदार एकच दिसत होता. त्याचा ठिपका मोठा होता, पण धुरकट.

"मिळाला की!" विभागप्रमुख तेंगिझ म्हणाला. "कर मिसळण आणि लाव."

"धुरकट आहे, तेंगिझ. हा मारतो कमी आणि जीवाणूच्या आत घर करून बसतो. सोबत कसलं विष आणेल, कोणाला ठाऊक?"

"मग त्याची जनुकं वाचून घे."

"वाचून होईस्तोवर सोमवार उलटेल."

"म्हणजे पाय जाऊ देणार? अगं, भाऊ आहे तो तुझा!"

"पाय गेला तर माणूस उरतो, तेंगिझ."

तेंगिझने हे इस्पितळात जाऊन नुगझारच्या बायकोला सांगितलं. दारेजान आली तशी नानुली व्हरांड्यातच तिच्यावर उसळली. "औषध हातात असून देत नाहीस? गटारवाली म्हणाला म्हणून सूड उगवतेस होय?"

दारेजान भावाच्या खाटेशी जाऊन बसली. द्राक्षमळ्यातली तार लागली, असं त्याने सांगितलं होतं. तिथल्या पाटाचं पाणी तिने मागवून तपासलंही होतं. त्यात काहीच सापडलं नव्हतं.

"नुगझार, खरं सांग. कुठे लागलं? जिथला जीवाणू, तिथेच त्याचा वैरी सापडायची आशा."

तो भिंतीकडे वळला. मग पुटपुटला, "ओतारच्या पोराच्या बारशाला. पैज लागली होती. डुकरिणीला अंगणात नाचवून दाखवतो म्हणालो. कुंपणावरून सरळ डुकरांच्या घाणीतच पडलो. पत्रा घुसला. नानुलीला नको सांगूस, तिच्या भावाचं घर आहे."

"नानुली दारात उभी आहे, गाढवा," नानुली म्हणाली.

तिने डोळे पुसले आणि भावाला फोन लावला. "ओतार, लोणच्याची बरणी रिकामी कर. डुकरांच्या मोरीतलं पाणी भर आणि गाडी काढ. का ते विचारू नकोस."

रविवारी सकाळी बशीत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले. ते बारीक होते, पण काचेसारखे स्वच्छ. दारेजानने तो नवा फाज पहिल्यासोबत मिसळून जीवाणूच्या ताज्या थरावर टाकला आणि दर थोड्या वेळाने बशी काढून बघत राहिली. सोमवारी उजाडलं तरी त्या जागी काही उगवलं नव्हतं.

शस्त्रक्रियेची खोली तयार होती. सर्जननी बशी निरखली, मग तापाचा तक्ता. "ताप चढत गेला तर मी विचारायला येणार नाही, सरळ पाय कापेन," ते म्हणाले.

"नका येऊ."

मिसळण जखमेत सोडली. नुगझारने बहिणीचं मनगट असं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले. दुपारी ताप चढला. सर्जन दारात येऊन उभे राहिले. "एक तास बघतो," ते म्हणाले. तासाभराने पारा जिथल्या तिथे होता, आणि दुसऱ्या दिवशी तो उतरायला लागला. पू आधी फिकट झाला, मग आटला. पायाची दोन बोटं काढावी लागली, पण पाय राहिला.

पुढे मोरीतला आणि धुरकट, अशा दोन्ही फाजांची जनुकं वाचून आली. मोरीतला फाज साठ्यातल्या कुठल्याच फाजाशी जुळत नव्हता. धुरकट फाजात विषाचं नावही नव्हतं.

तेंगिझने कागद तिच्यापुढे सरकवला. "दिला असता तरी चाललं असतं."

"चाललं असतं," दारेजान म्हणाली. "पण तेव्हा ते तुलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही." आणि ती बशा धुवायला उठली.