मापाचा झंपर

मित्रांनो, मी एक जुना झंपर आहे. शहाणी माणसं मला ब्लाऊज म्हणतात. पण परभणीच्या ज्या घरात माझं आयुष्य गेलं तिथं मला झंपरच म्हणत, म्हणून मीही तेच नाव लावतो. मी दोन्ही बाजूंनी उसवलेला आहे. हे पाहून हळहळू नका. माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, ते उसवल्यानंतरच झालं.

माझा जन्म महेबूब मास्तर शिंप्याच्या मशीनवर झाला. जांभळं पॉपलीन, अर्ध्या बाह्या आणि हुकं पाठीवर. त्या काळात सिनेमातल्या बायकांची हुकं पाठीकडे गेली होती, म्हणून परभणीतल्या बायकांचीही गेली. माणसाचे हात पुढे असतात. हुकं मागे लावली की त्याला फॅशन म्हणतात.

दैवशालाच्या लग्नात मी नवा होतो. ती पिंगळीच्या शाळेत शिकवायची. त्या घरात पगार आणणारी ती पहिली बाई. नवरा रामकिशन कचेरीत कारकून. सासू सरजाबाईचं निम्मं आयुष्य दुसऱ्याच्या रानात खुरपं धरून गेलेलं. सून सकाळच्या गाडीला निघाली की सरजाबाई दारातून ओरडायची, "दैवशाले, खडू घेतलास का गं?" खडू शाळेतच मिळतो हे तिला माहीत होतं. पण गल्लीला ते नीट कळलेलं बरं.

चौऱ्याहत्तर साली घरात विशाखा जन्मली आणि माझ्या पाठीवरच्या फॅशनचे दिवस भरले. भुकेलं लेकरू थांबत नाही आणि पाठीवरची हुकं घाईनं निघत नाहीत. दैवशाला हात मागे नेऊन चाचपडायची, विशाखा टाहो फोडायची, आणि सरजाबाई भाकरी थापायची सोडून हुकं काढायला धावायची. माझ्या पाठीवर कायम पिठाची बोटं उमटलेली असत. बाटलीचं दूध देऊन पाहिलं. सरजाबाई सरकारी माणसाकडे जसं बघायची, तसं विशाखानं बाटलीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

एका दुपारी सरजाबाईनं कात्री आणली आणि माझ्या पुढच्या दोन्ही शिवणी वीतवीतभर मोकळ्या केल्या.

"आत्याबाई, चांगला झंपर हाय ओ!" दैवशाला कळवळली.

"गप बस. उसवायलेय, फाडत न्हाई. शिवण हाय ती, नशीब न्हाई."

वरून पदर आला. हुकं जागच्या जागी राहिली आणि लेकरू पोटभर प्यालं. डावी शिवण जरा जास्तच उसवली होती, तिथं सरजाबाईनं आपल्या बांगडीतली पिन काढून लावली. त्या दिवसापासून मी त्या घरात कामाचा झालो. त्याआधी मी नुसताच चांगला होतो.

पण जून आला. शाळा उघडणार होती आणि रजाही संपणार होती. शाळेला दोन खोल्या आणि एक ओसरी. आतून कडी लागेल असं एकही दार नाही. हेडमास्तर पंडित गुरुजी वाईट माणूस नव्हते. ते फक्त हेडमास्तर होते. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "बाई, लेकरू आणा, माझी ना नाही. पण वर्गात रडलं तर मला वर कळवावं लागेल. आधीच्या बाईंचं तसंच झालं." आधीच्या बाई आता घरी पापड लाटत होत्या.

उसवलेला झंपर घालून शाळेत जाता येत नाही. म्हणून पुढून हुकं असलेले तीन नवे झंपर शिवायचं ठरलं. आता गंमत पाहा. मास्तरांच्या दुकानात सदा चार गडी बसलेले, तेव्हा दैवशाला जाणार नाही. नवऱ्याला हे सांगायची तिला लाज, म्हणून तिनं सासूला सांगितलं. सासूनं लेकाला सांगितलं, "रामकिसन, मास्तरला म्हनावं हुकं पुढून लाव. लेकराचं काम हाय." रामकिशन कानापर्यंत लाल झाला. त्यानं मला मापासाठी वर्तमानपत्रात गुंडाळलं, ते पिशवीत घातलं, आणि पिशवी सायकलला अशी लटकवली की आत जणू चोरीचा माल आहे.

दुकानात बाकावर त्याच्याच कचेरीतले किशनराव चहा पीत बसले होते. मास्तरांनी विचारलं, "बोलो साब, कैसा सीना?"

'पुढून' हा शब्द रामकिशनच्या ओठापर्यंत आला. त्यानं किशनरावांकडे पाहिलं आणि तो गिळला.

"मापाप्रमाणे," तो म्हणाला.

"बस! माप बोलता, हम सुनते. आदमी बोले तो गडबड होती."

मास्तर शब्दाचे पक्के होते. किशनरावांनी एकदा कोपरावर ठिगळ लावलेला सदरा मापाला दिला होता. त्या मापावरून शिवलेला नवा सदरा घालूनच ते तिथं बसले होते. त्याच्याही कोपरावर ठिगळ होतं, रंग जुळवून लावलेलं.

शनिवारी संध्याकाळी तीन नवे झंपर घरी आले. दैवशालानं पहिला उलगडला. हुकं पाठीवर.

"रामकिसन, काय सांगितलंस रं मास्तरला?"

"मापाप्रमाणे म्हणालो."

"आन् तोंडात काय धरलं होतंस? सुपारी?"

परवा सोमवार, परवा शाळा. दैवशाला हळू आवाजात म्हणाली, "रजा वाढवून मागते, आत्याबाई. दुसरं काय करणार?" वाढीव रजा म्हणजे नोकरीवर पाणी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सरजाबाईनं कोपऱ्यातल्या जुन्या खुरप्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. काहीतरी करायचं म्हणून तिनं दुसरा झंपर कंदिलासमोर धरला.

"आगं माय!"

पुढच्या दोन्ही शिवणी वीतवीतभर मोकळ्या होत्या. उसवलेल्या नाहीत हं. कडा आत दुमडून, दुहेरी टीप मारून, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं मोकळ्या ठेवलेल्या. तिन्ही झंपरांना तसंच. आणि तिन्ही झंपरांच्या डाव्या बाजूला एकेक कोरी करकरीत पिन.

सरजाबाई हसत हसत भिंतीला टेकली. दैवशाला डोळे पुसत हसली. रामकिशनला आपण काय पराक्रम केला हे कळेना, पण घर हसतंय म्हणून तोही हसला.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही. सोमवारी संध्याकाळी सरजाबाई ते साऱ्या गल्लीला सांगत होती आणि मी दोरीवर वाळत होतो.

लेकराला सांभाळायला म्हणून ती सुनेबरोबर पिंगळीला गेली होती. भर वर्गात सातचा पाढा चालू असताना विशाखाला भूक लागली. ती ओठ काढते न काढते तोच दैवशालानं तिला पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "हं, सात चोक?" तेवढ्यात पंडित गुरुजी दारात.

"बाई, लेकरू आणलं नाही वाटतं?"

"आणलंय ना सर."

"मग रडत कसं नाही?"

ओसरीवरून सरजाबाईनं उत्तर दिलं, "त्याचं तोंड भरलंय गुरुजी. भरल्या तोंडानं कोन रडतंय?"

गुरुजींना अर्थ उमगला तशी त्यांची नजर थेट छपराला भिडली. "कौलं बदलायला झालीत," एवढं बोलून ते गेले. त्या वर्षी वर काहीही कळवलं गेलं नाही. कौलांचं मात्र कळवलं.

मित्रांनो, मग माझे भरभराटीचे दिवस आले. अंगावर मला कोणी घालेना, पण माप म्हणून मी गावोगाव हिंडलो. सरकी कारखान्यात जाणारी कडूबाई मला घेऊन गेली. ऊसतोडीला निघालेल्या मालनबाईनं कोयत्याआधी माझी चौकशी केली. पेडगावात मी महिनाभर राहिलो. सगळ्याजणी आपापल्या नवऱ्याला एकच सांगत: मापाप्रमाणे म्हणा, दुसरं काही बोलू नका. नवऱ्यांना इतकं सोपं काम आयुष्यात मिळालं नव्हतं. महेबूब मास्तरांना वाटलं ही मुंबईची नवी तऱ्हा आहे. ते तिला 'बंबई कट' म्हणू लागले आणि प्रत्येक झंपराला न चुकता पिन लावत राहिले. त्यांना खरं कोणी सांगितलं नाही.

यंदा, म्हणजे एकोणऐंशी साली, एका रविवारी खुद्द पंडित गुरुजी दारात आले. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तीही शिक्षिका. गुरुजींनी आढ्याकडे पाहिलं. पण या घराला कौलं नव्हती, पत्रे होते. "बाई, ते... हे... आपलं..."

"मापाचा ना सर? न्या की," दैवशाला म्हणाली.

गुरुजींच्या घरी मात्र माझा घात झाला. त्यांची बायको नर्मदाबाई फार टापटिपीची. फाटकं कापड शिंप्याकडे कसं द्यायचं, म्हणून तिनं रातोरात मला मायेनं शिवून टाकलं आणि पिनही काढून ठेवली. मास्तरांनी माप ऐकलं. नवे झंपर आले ते अखंड, बंद, बिनचूक आणि निरुपयोगी. बाळ रडायला लागलं.

गुरुजी मला घेऊन परत आले. दैवशाला चूल सोडून उठेपर्यंत पाच वर्षांच्या विशाखानं आजीच्या हातात कात्री नेऊन दिली होती. सरजाबाईनं माझ्या शिवणी पुन्हा मोकळ्या केल्या, बांगडीतली पिन काढून लावली आणि गुरुजींना म्हणाली, "आता कोनी सुई लावली तर मला सांगा."

मित्रांनो, आम्ही जुने कपडे शेवटी एकच मागणं मागतो: फाटलो तर शिवा, टाकू नका. माझं मागणं थोडं वेगळं आहे. काही उसवलेलं दिसलं की लगेच सुई-दोरा काढू नका. इथून कोणाची भूक भागत होती, ते आधी विचारा.