मखर व्हायला निघालेला मकबरा

मी एक मकबरा बोलतोय. दचकू नका, पुठ्ठ्याचा आहे, आणि माझ्या आत कोणीही पुरलेलं नाही.

माझा जन्म अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, एका गॅरेजमध्ये झाला. मनोहरकाका स्थापत्याचे निवृत्त प्राध्यापक, आता मुलाकडे राहतात. मराठी मंडळाच्या शिवांगीने त्यांना गणपतीसाठी मखर करायला सांगितलं. काकांचे हात चालत गेले, तसा मी उभा राहिलो: आठ बाजू, दाराभोवती कोरीव नक्षी, बाहेरून टोकदार छप्पर आणि त्याच्या आत लपलेला गोल घुमट.

शेवटचा निळा रंग देताना त्यांचा ब्रश थांबला. तुर्कस्तानातल्या सेल्जुक काळच्या मकबऱ्यांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला होता. हातांनी नकळत तेच बांधलं होतं.

मग त्यांना चैन पडेना. माझ्याभोवती फेऱ्या मारायचे, वर कळस ठेवून पाहायचे, पुन्हा काढायचे. सांगावं तर मंडळात हसं होणार. न सांगावं तर लोक भक्तिभावाने हात जोडणार आणि खरं त्यांना एकट्यालाच ठाऊक असणार. आपण खरंच विद्वान होतो की एकच गोष्ट घोकत बसलो, असंही ते पुटपुटत. मी काय सांगणार?

"कोणाला कळणार आहे?" अहिल्याकाकू म्हणाल्या.

"मला कळलंय ना."

स्थापनेच्या आदल्या दिवशी शिवांगी मला न्यायला व्हॅन घेऊन आली. काकांनी माझ्यासमोर आडवा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं.

तिने वाकून माझ्या आत पाहिलं. "काका, मला पर्सनली चालेल. पण तुम्हाला आरतीला शांतपणे उभं राहता येईल का?"

"नाही."

"मग मखर कॅन्सल. बाप्पा साध्या टेबलवर बसतील. पण ह्याला मी नेणार. दाराशी ठेवू, खऱ्या नावाने."

स्थापनेच्या दिवशी मंडळाच्या हॉलच्या दाराशी काका येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी माहिती देत होते, आधी चाचरत, मग रंगून. त्यांची नात अनिका माझ्यात डोकावली. "आजोबा, बट व्हेअर इज द पर्सन?"

"खाली. माणूस तळघरात असतो. वरची खोली प्रार्थनेची."

"सो यू डिडन्ट मेक द डाउनस्टेअर्स?"

"राहिलं," काका म्हणाले. "घरी गेल्यावर करतो."

आता मी पुन्हा गॅरेजमध्ये आहे. अनिकाला शब्द दिलाय, म्हणून काका रोज येतात, तळघरासाठी पुठ्ठा मापतात, पेन्सिलने रेघ ओढतात आणि खोडतात. कात्री अजून हातात घेतलेली नाही; तळघर झालं की त्यात माणूस आलाच. तुम्ही कधी इकडे आलात, तर कृपा करून त्यांना घाई करू नका. तळघरावाचून माझं काही अडलेलं नाही.