रिकाम्या गाडीतली खडखड

अनोमाबूचा किल्ला मागे पडून नारळीच्या रांगा सुरू झाल्या की गाडीच्या पोटातून खडखड व्हायची. पत्र्याच्या डब्यात चार खडे घालून कुणीतरी मागे बसून वाजवतंय, अशी. पापा एसुमान गाडी हळू करायचे, मान वळवून पाहायचे. मागे कुणी नसायचं.

गाडी जुनी, लांबुडकी, पांढरी. मागे पोती रचायला ऐसपैस जागा. वय झालेल्या गाडीने कुरकुरावं यात नवल नव्हतं, आणि पापांना तिच्या एकेका कुरकुरीचं मूळ ठाऊक होतं. दाराची बिजागरी, काचेचं सुकलेलं रबर, हँडब्रेकची सैल दांडी. ही खडखड मात्र नवी होती. बायकोला, एफुआला, माती दिल्यानंतरची. आणि तिचा नेमही विचित्र होता. कुणी सोबत बसलं की ती मूग गिळून बसायची.

गेल्या रविवारी ताकोराडीहून भाचा आला होता. जोजो, पापांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, सिमेंटचा दुकानदार. मामाला चर्चच्या पायरीवर गाठून म्हणाला, "चल मामा, ऐकव मला तुझा आवाज." दोघं सॉल्टपाँडपर्यंत गेले, परत आले. गाडी एखाद्या नव्या नवरीसारखी गप्प.

"मामा, रागावू नकोस," घरी आल्यावर जोजो हळूच म्हणाला. "गाडीला काही झालेलं नाही."

"म्हणजे मला झालंय."

"असं कुठे म्हणालो मी? पण तू चालवताना मागे वळून बघतोस. समोरून लॉऱ्या येतात. आणि गावात काय बोलतात ते माझ्याही कानावर आलंय."

गावात बोलत होते की एफुआला काहीतरी हवंय. कुणी म्हणे बाधा उतरवायला प्रार्थनेच्या छावणीत घेऊन जा, कुणी म्हणे म्हातारा खुळावला. पापांनी केंके, पानात उकडलेला आंबवल्या मक्याचा गोळा, सोलला, तळलेल्या मासळीचा तुकडा मिरचीच्या वाटणात बुडवला, आणि खाल्लाच नाही.

"शनिवारी येतो," जोजो म्हणाला. "किल्ली माझ्याकडे दे आणि चल माझ्याबरोबर. दुकानामागची खोली रंगवून ठेवलीय. तुझी सूनबाई रोज विचारते."

त्याच्या बोलण्यात लोभ नव्हता. आमच्याकडे मामाचं ते आज ना उद्या भाच्याचंच. पोरगा खरंच काळजीत होता, आणि म्हणूनच त्याला नाही म्हणणं जड जात होतं. गाडी गेली की या घरात राहायचं कारण संपलं. आणि वेडा ठरून जायचं, हे त्याहून वाईट.

सोमवारी पापा मांकेसिमला क्वान्सा फिटरकडे गेले. क्वान्सा हाडाचा टवाळ, पण हाताचा सच्चा. त्याने गाडीखाली पालथं पडून लाकडी हातोड्याने ठिकठिकाणी ठोकून पाहिलं. ज्याच्यावर संशय त्याला चिंधी बांधली. मग पापांना चालवायला बसवलं आणि स्वतः मागे आडवा होऊन तळाच्या पत्र्याला कान लावला.

"पापा, तुम्ही कुठल्या चर्चचे?"

"मेथडिस्ट."

"मग भजनाचं पुस्तक सैल झालं असेल. गाडीत तर काही नाही."

"थट्टा करू नकोस मास्टर. शनिवारी गाडी जाणार आहे माझी."

क्वान्सा उठून बसला. फडक्याने हात पुसत म्हणाला, "आवाज मला ऐकू आला तर मी त्याला धरीन. जो मला भेटतच नाही त्याला कुठून धरू?"

परतताना, क्वान्साचं गॅरेज आरशातून दिसेनासं होताच, खडखड सुरू झाली. त्या दिवशी पापांनी मान वळवली नाही. "बरं, आलीस," एवढंच म्हणाले. मग ते वाटभर बोलत राहिले. मक्याचा भाव, कौलांची गळती, जोजोची खोली. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. गेले काही आठवडे ते आवाजाशी बोलत होते. लोक म्हणत होते ते सगळंच खोटं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये सभा होती. प्रवचनकार एलियाची कथा सांगत होता. रानात झुडपाखाली बसलेला संदेष्टा म्हणतो, देवा, पुरे झालं, मीच एकटा उरलोय. आमच्या प्रवचनात बोलणारा एकटा कधीच नसतो. शब्द पोटात उतरला की बाकावरची एखादी म्हातारी तोच शब्द उचलते, त्याला सूर लावते, आणि बघता बघता सगळं चर्च तिच्यामागून गाऊ लागतं. प्रवचनकार हात जोडून थांबतो. गाणं ओसरलं की त्याच्याच धाग्याने पुढची कथा विणतो. देवाचं बोलणं असं दोन्ही काठांनी वाहतं, आणि मधे बसलेला माणूस भिजल्यावाचून राहत नाही.

इतकी वर्षं तो पहिला सूर एफुआचा असायचा. आज 'एकटा' हा शब्द आला आणि चर्च क्षणभर तसंच राहिलं. मग मान्सा आजीने घसा खाकरून सूर लावला. जरा खाली लागला, पण लागला. पापांनी ओठ हलवले. 

सभेनंतर तिघी म्हाताऱ्यांना त्यांनी गाडीत घेतलं, नेहमीसारखं. गाडी गप्प. दोघी वाटेत उतरल्या. गाडी गप्पच. मान्सा आजी एग्याच्या फाट्यावर उतरली, आणि गाडी चार हात पुढे गेली न गेली तोच खडखड.

पापांनी गाडी मागे घेतली.

"मान्सा, जरा परत बस."

"का? काही राहिलं का माझं?"

"बस तर."

मान्सा देहाने भरभक्कम. ती बसली तशी गाडी मागून खाली दबली. पुढे नेली, गप्प. उतरवली, खडखड. पुन्हा बसवली, गप्प. तिसऱ्या खेपेला आजी रस्त्यावरच पदर खोचून उभी राहिली.

"एसुमान, मी काय धान्याची गोण आहे का, चढव उतरव करायला? आणि तुझी गाडी दात वाजवतेय ते आधी बघ."

पापा तिच्याकडे बघतच राहिले. "तुला ऐकू आलं?"

"मी म्हातारी आहे, बहिरी नाही."

पापा खाली उतरले आणि त्यांनी रस्त्यातच तिचे दोन्ही हात धरले. ती म्हणाली, "सोड, लोक बघतायत," पण तिनेही लगेच सोडवून घेतले नाहीत.

शनिवारी जोजो आला तेव्हा पापांनी किल्ली दिली नाही. त्याला घेऊन सरळ मांकेसिम गाठलं.

"मास्टर, आज तू एकटा चालव. आम्ही इथे उभे राहतो."

क्वान्सा हसत बसला. बाजारापर्यंत जाऊन वळला. येताना गाडी दोघांच्या समोरून गेली ती खडखड करतच. जोजोने मामाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मामा..."

"असू दे."

क्वान्सा गाडीखाली शिरला आणि या वेळी बाहेर यायला त्याला वेळ लागला नाही. "पापा, मागे स्प्रिंगचे पाटे किती घातलेत?"

"एक जादा आहे. मक्यासाठी."

"कधीचा?"

"एफुआचा केंके विकायला केप कोस्टपर्यंत जायला लागला तेव्हाचा. पोती भरली की गाडी बसायची, म्हणून घातला."

"मग बघा. आता गाडी रिकामी. जाड पाटा तिला मागून उंच उचलून धरतो. ॲक्सल खाली लोंबतो आणि सायलेन्सरच्या नळीवर आपटतो. दुसरं माणूस बसलं की दोघांत फट पडते. मी आत असलो की मला कसा ऐकू येणार?" तो थांबला. "पण हा आवाज इतकी वर्षं कसा नाही आला?"

"रिकामी कधी फिरलीच नाही ती," पापा म्हणाले. "जाताना एफुआ. येताना एफुआ आणि पोती. ती मागेच बसायची. पोत्यांवर लक्ष ठेवायला."

 शेजारच्या गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

"पाटा काढतो," क्वान्सा हळू आवाजात म्हणाला. "आवाज जाईल. पण मग पोती भरता यायची नाहीत, हे आत्ताच सांगतो."

पापांनी गाडीच्या मागच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. फटींत अजून मक्याचे दाणे अडकलेले होते. जोजो म्हणाला, "मामा, घाई नाही. राहू दे हवं तर. गाडी तुझीच आहे, मी काही नेत नाही. मागे एखादी सिमेंटची गोणी टाकून ठेवू, आवाज बंद."

सोपी युक्ती होती. पण पापांच्या मनात भलतंच आलं. गोणी टाकायची तरी कशाला? खडखडू दे. वाटेत बोलायला कुणीतरी असेल. हा विचार त्यांना इतका गोड वाटला की त्यांचं त्यांनाच भय वाटलं. गेलेल्या माणसाला देवाच्या पदरात घालायचं आणि मागून पदर धरून ठेवायचा, ही कसली श्रद्धा?

"काढ," ते म्हणाले.

बोल्ट गंजलेले होते. काम लांबलं. पाटा सुटला आणि गाडी मागून खाली आली, ओझं उतरवलेल्या बाईने खाली टेकावं तशी.

जोजोने पुढचं दार उघडलं. पापांनी त्याला अडवलं.

"तू दुसऱ्या गाडीने ये."

"का रे मामा?"

"एकट्याने चालवल्याशिवाय कळणार कसं?"

सॉल्टपाँड गेलं. उजवीकडे ऊन कलत होतं, डावीकडे नारळी आणि पलीकडे समुद्र. पापांनी काचा वर केल्या. खड्डा आला की श्वास धरायचे. बिजागरी कुरकुरली, दांडी हलली. बाकी काही नाही. एग्याच्या फाट्यावर त्यांनी मुद्दाम चाक खड्ड्यात घातलं. गाडी धडकन आपटली, आणि पुन्हा गप्प. "एफुआ," ते म्हणाले. मग पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचेना.

घरापाशी येऊन त्यांनी इंजिन बंद केलं आणि आतच बसून राहिले. बऱ्याच वेळाने मागून टॅक्सी थांबली. जोजो खिडकीशी येऊन वाकला.

"वाजली का मामा?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही रे."

"मग बरं झालं."

"हो," पापा म्हणाले. "बरं झालं."