हाफ क्लच

"प्लेटा बघ आन् मला खरं सांग, गोकुळ," सोपानराव म्हणाले. "फिरवाफिरव करू नको."

गोकुळने क्लचचं कव्हर उघडलं तसा जळका वास गॅरेजभर झाला. दौंडच्या रस्त्याला गॅरेज टाकल्यापासून ही मोटारसायकल त्याच्याच हाताखालची. मांडवगण फराट्याहून सोपानराव वच्छलाबाईंना, म्हणजे बायकोला, डायलिसिससाठी दौंडला आणायचे. गचका बसला की बाईंना कळ यायची, म्हणून हा माणूस अख्खा रस्ता क्लच अर्धा दाबून यायचा. गोकुळचं तोंड फटकळ. "आबा, अशानं प्लेटा जळत्यात," असं तो दर वेळी ओरडायचा. मागे तर त्याने प्लेटा बदलायला गाडी ठेवूनच जायला सांगितलं होतं. "तिची खेप चुकल," म्हणत सोपानरावांनी ते पुढं ढकललं.

आणि एका सकाळी बाईंना श्वास घेता येईना. जीपची वाट न बघता सोपानरावांनी मोटारसायकल काढली. बाईंना धरून सून मागे बसली. पुलाच्या चढाला इंजिन नुसतं ओरडत राहिलं, गाडी काही सरकेना. दुसरं वाहन थांबेपर्यंत बाई गेल्या होत्या. दहावा उरकून, मुंडण केलेल्या डोक्याने सोपानराव आज गाडी टेम्पोत घालून आले होते.

"आदीच बदलल्या असत्या, तर पोचलो असतो का?"

गोकुळने एकेक प्लेट बाहेर काढली. अस्तर पार झिजलेलं, लोखंडी प्लेटा तापून निळ्या पडलेल्या. याच माणसाला तो इतकी वर्षं फाडफाड बोलत आला होता. त्याला फार वाईट वाटलं.

"प्लेटांना काय न्हाई झालं, आबा. केबल ताणली व्हती. ती कवाबी ताणती. त्यात तुमचा काय दोष?"

"म्हंजी प्लेटा चांगल्या हायत?"

"व्हय."

"मग ह्याच परत बसव."

गोकुळ त्या प्लेटा हातात घेऊन तसाच बसून राहिला. शेजारी ट्रेमध्ये नव्या प्लेटा तेलात बुडवून ठेवलेल्या होत्या.

सोपानराव त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी वरची प्लेट घेतली, नाकाशी नेली आणि हळूच खाली ठेवली.

"तिला गचका बसू नये म्हनून करत व्हतो रं."

"ठावं हाय, आबा."

मग सोपानरावांनी बाह्या वर सारल्या, तेलात हात घातला आणि गोकुळच्या हातात एकेक नवी प्लेट देऊ लागले.