बार उडवायचा आहे

चोरून ऐकणे वाईट, असे तुम्हाला घरी शिकवले असेल. मित्रांनो, माझा तर जन्मच त्यासाठी झाला. मी इंदूरच्या एका तपास पथकातला जुना हेडफोन आहे.

आमचे साहेब प्रतापराव म्हणजे मनाने लोणी, पण डोके गरम. एकदा माझ्यातूनच त्यांनी एका माणसाचा फोन ऐकला. त्याला पकडून कानाखाली वाजवली, तेव्हा त्याने स्फोटकांच्या पेटीची जागा सांगितली. पेटी वेळेत निकामी झाली. किती लेकरे त्या दिवशी सुखरूप घरी गेली! पेढे वाटले गेले, मलाही हार घातला. मी फुशारलो. ती थप्पड बरोबर की चूक, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

पुढे सांवेर रोडच्या एका कारखान्यातून स्फोटके बनतील अशा रसायनाची पिंपे गायब झाली. तिथल्या कामगारांचे फोन ऐकायचे ठरले. हवालदार पियुषने मला कानाला लावले. उन्मेष नावाचा कामगार म्हणत होता, "आई, रविवारी बार उडवूनच टाकू. सामान देपालपूरहून येतंय." पियुषला मराठी जेमतेम कळे. त्याने हिंदीत कागद केला, 'रविवार को उड़ा देंगे. सामान देपालपुर से आ रहा है.'

रविवारला तीनच दिवस होते. साहेबांनी कागद वाचला, पण मला कानाला लावले नाही. उन्मेषला उचलून आणले. दोघेही मराठी, पण दफ्तरात हिंदीतच बोलायचे ही आमच्याकडची रीत.

"सामान कहाँ है?"

"साब, शादी का है. बहन की शादी है, बड़ा गणपति मंदिर में."

"शादी में कोई उड़ाता है क्या?" म्हणत साहेबांनी त्याच्या डाव्या कानाखाली वाजवली. मागच्या वेळी जमले होते ना, म्हणून तीनदा. मला सगळे ठाऊक होते, पण तोंड नव्हते. आजही त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्याची आई यशोधराबाई पत्रिका घेऊन आली. "साहेब, परवा लेकीचं लग्न आहे हो. भावाशिवाय कसं करू?"

साहेबांनी पत्रिका पाहिली, त्या फोनचे रेकॉर्डिंग सुरू केले आणि मला कानाला लावले. 'बार उडवूनच टाकू.' गेल्या वर्षी आपल्या लेकीच्या, अस्मिताच्या लग्नाबद्दल याच खोलीतून फोनवर ते हेच म्हणाले होते.

उन्मेषला सोडताना साहेबांनी हात जोडले. "चुकलो रे बेटा. माफ कर."

"साहेब, या बाजूने बोला. तिकडून ऐकू येत नाही."

साहेब दुसऱ्या बाजूला गेले आणि तेच पुन्हा म्हणाले.

मित्रांनो, पिंपे अजून सापडलेली नाहीत. धोका खरा आहे, ऐकावे तर लागणारच. पण एकदा लेकरे वाचवणारा हात दर वेळी चांगलाच असतो, असे समजू नका. तो उगारण्याआधी समोरच्याचे बोलणे त्याच्या भाषेत, आपल्या कानांनी ऐका.

रविवारी बार उडाला. मंगलाष्टके चालू असताना उन्मेष सारखी मान वळवून उजवा कान पुढे करत होता, असे लग्नाला जाऊन आलेला पियुष सांगत होता.